वन बीएचके, पाच वेतं

मीरा रोडच्या सोसायट्यांच्या सभेत पाण्याच्या टँकरनंतर हमखास निघणारा विषय म्हणजे कुत्री. खालची, रस्त्यावरची. त्यांची प्रजा वाढते याचा सभासदांना मनस्वी संताप येतो. पालिकेची गाडी येते, कुत्रं उत्तनच्या केंद्रात जातं, नसबंदी होते आणि ते पुन्हा त्याच गल्लीत उतरतं. केंद्र सरकारचे 2023 चे नियमच तसे आहेत. तरी लोक कपाळाला हात लावतात : "परत आणून सोडलं!"

अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचकेच्या बाल्कनीत, एक शिह त्झू जातीची कुत्री वर्षातून दोनदा विते. तिच्याबद्दल चकार शब्द निघत नाही. चेअरमनच्या सुनेला त्यातलंच एक पिल्लू 'घरातल्या भावात' मिळालेलं असतं. प्रजा खाली वाढली की उपद्रव, वर वाढली की जोडधंदा.

या धंद्याला कायदाच नाही, असं मात्र कुणी समजू नये. मे 2017 मध्ये केंद्राने श्वानपैदाशीचे नियम काढले, आणि ते वाचताना गहिवरून येतं. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. कुत्री दीड वर्षाची होईपर्यंत मेटिंग नाही, आठ वर्षांनंतर नाही. वर्षाला एकच वेत, जन्मात पाच. आठ आठवडे व्हायच्या आत पिल्लू विकायचं नाही. दोन पिढ्यांमागे आपल्याकडच्या सुनांना एवढं संरक्षण मिळालं असतं, तर कित्येक आज्या अजून हयात असत्या.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हे नियम ऐकून हसले. "आम्ही ब्रीडर कुठे? हौस आहे." हौसेचा दर मात्र ठरलेला. फोन केला की पहिला प्रश्न : पेपरसहित की विदाउट पेपर? पेपर म्हणजे वंशावळ. ज्या शहरात लोक इमारतीला ओसी आहे का हे न विचारता आयुष्याची पुंजी ओततात, तिथे पिल्लाच्या आजोबांची कागदपत्रं मात्र बारकाईने तपासली जातात.

गिऱ्हाईकही साधं नाही. 2003 च्या हच मोबाइलच्या पगवाल्या जाहिरातीनंतर घरोघर पग आले. त्या चपट्या नाकाने मीरा रोडच्या मे महिन्यात श्वास घेता येत नाही, हे घरच्यांना नंतर डॉक्टरच्या बिलातून कळलं. नेदरलँड्समध्ये अशा आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर सरकारने निर्बंध घातले आहेत. आपल्याकडे हस्की येतो. तो बर्फातला जीव एसीखाली झोपतो आणि वीज गेली की सगळं कुटुंब त्याला वर्तमानपत्राने वारा घालतं.

"मग बंदीच घाला," असं म्हणणारेही आहेत. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पत्र काढलं : पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींची आयात, पैदास, विक्री बंद. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, कारण संबंधितांना विचारलंच नव्हतं. मधल्या काळात तमाम पिटबुल एका रात्रीत 'थोडा लॅब्रेडॉर मिक्स' झाले. जातीचा दाखला इतक्या चपळाईने बदलणं माणसांनाही जमलेलं नाही. शिवाय बंदीचा आपला अनुभव दांडगा आहे. राज्यात 2012 पासून गुटखा बंद आहे. तो कुठल्या टपरीवर मिळतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पैदास बंद केली तर ती बाल्कनीतून बाथरूममध्ये जाईल, आणि तिथे वेतं मोजायला जाणार कोण?

आता तरी कोण जातं म्हणा. प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याबद्दल 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत स्टेशनबाहेर दोघांचा वडापाव-चहा होतो. एका पिल्लाच्या बुकिंगच्या रकमेत माणूस जन्मभर पुरतील इतक्या गुन्ह्यांचा दंड आगाऊ भरून ठेवू शकतो.

वास्तविक नवा कायदा नको, नवी बंदीही नको. भाडेकरू ठेवायचा म्हटलं की पोलीस पडताळणी, आधार, लग्नाचा दाखला आणि खातापिता काय, इतकं विचारणारी आमची कमिटी आहे. तिने तिसऱ्या मजल्यावरून नोंदणीचा एक कागद मागावा, एवढंच.

सेक्रेटरीने परवा मागितला. गृहस्थांनी लगेच फाईल काढली. "पेपर एकदम क्लिअर आहेत, साहेब. हे बघा, आजोबा चॅम्पियन होते."