सातव्या महिन्यातले माहेर

ज्या गृहस्थास आमच्या आजोबांच्या पिढीत मुकादम म्हणत, गिरण्यांच्या अमदानीत जॉबर म्हणत आणि पुढे बराच काळ नुसतेच ठेकेदार म्हणत, त्याने हल्ली काचेचा दरवाजा बसवून घेतला असून तो स्वतःस 'एचआर कन्सल्टन्सी' म्हणवतो, हे वर्तमान आमच्या कानी येण्यास भोसरीतील विजेचा एक खांब निमित्त झाला. मूळव्याधीच्या हमखास इलाजाच्या आणि कॉट बेसिसवर खोली मिळण्याच्या मजकुरांमध्ये दाटीवाटीने डकवलेल्या एका कागदावर 'त्वरित पाहिजेत : हेल्पर, फिटर, पॅकिंगसाठी मुले-मुली. पॅकेज 18,000 च्या वर. घरच्यासारखे वातावरण' असे लिहिलेले होते. आमचा भाचा आयटीआयचा दाखला पदरी बांधून आठ महिने घरच्याच वातावरणात बसून होता. त्याने तो कागद वाचला आणि सोबत वडीलधारे माणूस असावे म्हणून आम्हांस बरोबर घेतले.

कचेरी एका पिठाच्या गिरणीवर होती. भिंतीवर सत्यनारायणाच्या पूजेची, क्रिकेटच्या करंडकाची आणि केक कापणाऱ्या निरनिराळ्या मुलांची छायाचित्रे ओळीने लावलेली होती. केक निरनिराळे नसून एकाच आकाराचे होते, ही गोष्ट आम्ही वयपरत्वे लक्षात घेतली. संचालकांनी उठून आमच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "काका, आम्ही यांना कामगार म्हणतच नाही. ही आपली फॅमिली." या गोड वचनाने आमचे मन द्रवत आहे तोच टेबलापलीकडील मुलीने भाच्यास पहिल्या पगाराची निम्मी रक्कम 'रजिस्ट्रेशन' म्हणून द्यावी लागेल, असे हळू आवाजात सांगितले. पावतीची चौकशी केली, तेव्हा कुटुंबात पावत्या देत नाहीत, असे कळले.

मुंबईच्या गिरण्यांत जॉबर हीच रक्कम दस्तुरी या नावाने वसूल करीत असे. 1931 साली शाही श्रम आयोगाने आपल्या अहवालात या प्रथेविषयी खेद व्यक्त केला, आणि जॉबराच्या हातातील भरतीची दोरी सैल व्हावी म्हणून 1935 साली मुंबईतील गिरणीमालकांनी बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. जॉबराचा पक्ष घ्यावयाचा तर इतकेच म्हणता येईल की तो पुष्कळदा गावचाच माणूस असे, अडीनडीला उसने देई, आणि आपण कोणाच्या कुटुंबाचे कर्ते आहोत असा दावा करीत नसे.

सरकारनेही या व्यवहारात लक्ष घातले नाही, असे नाही. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांची सोय लावण्यासाठी 1945 साली सरकारी नोंदणी कार्यालये निघाली, पुढे ती सामान्य नागरिकांसही खुली झाली, आणि 1959 साली कायदा होऊन रिकाम्या जागा या कार्यालयांस कळवण्याचे बंधन मालकांवर पडले. मात्र कळवलेल्या जागेवर कार्यालयाने पाठवलेला माणूसच घ्यावा, असे बंधन त्याच कायद्याने घातले नाही. म्हणजे लग्नाची पत्रिका देणे सक्तीचे, पंगतीला पान मांडणे ऐच्छिक! भाच्याने तेथेही नाव नोंदवले आहे, आणि ते नाव तेथे अत्यंत सुरक्षित आहे.

यथावकाश भाचा कामावर रुजू झाला आणि महिन्याअखेर पगाराची चिठ्ठी घेऊन आमच्यापुढे येऊन बसला. आम्ही उभा जन्म कारकुनीत घालवलेला असल्यामुळे हा कागद आम्ही चष्मा पुसून वाचला. मूळ वेतन 14,000 आणि घरभाडे 700, म्हणजे एकूण 14,700. परंतु जाहिरातीतील 18,000 खोटे नव्हते. त्या 14,700 मध्ये मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी 1,680, मालकानेच भरावयाची ईएसआयची वर्गणी 478, आणि दिवाळीत द्यावयाच्या बोनसचा दरमहा हिस्सा 1,166 इतके मिळवले म्हणजे बेरीज बरोबर 18,024 होते. नंतर भाच्याच्या वाट्याचा निधी पुन्हा 1,680, ईएसआय 111 आणि व्यवसायकर 200 वजा होऊन हातात 12,709 उरतात. त्यातून कँटीन, बस आणि 'फॅमिली फंड' कापला जातो तो निराळा. यजमानाने पाहुण्यास जेवू घालावे आणि मांडवाचे भाडे त्याच्याच पानात वाढले असे समजावे, तसा हा हिशेब आहे. त्यात बेरजेची एकही चूक नाही.

आम्ही संचालकांकडे तक्रार घेऊन गेलो असता ते दुखावले. "काका, घरात कोणी पगाराचा हिशेब मागतं का?" असे त्यांनी विचारले, आणि आम्ही निरुत्तर झालो, कारण ते अक्षरशः खरे होते. आमच्या आईने चाळीस वर्षे एकत्र कुटुंबात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून एका पैशाचा हिशेब मागितला नाही, आणि कुटुंबानेही तो कधी दिला नाही. रविवारच्या क्रिकेटच्या सामन्यास न आल्यास खाडा धरला जातो, याचे आश्चर्य मग आम्हांस वाटले नाही. घरच्या कार्यास सून हजर नसली तर बोलणी खावी लागतातच!

या कुटुंबपद्धतीचा कळस मात्र सातव्या महिन्यात दिसला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने असे ठरवून ठेवले होते, की बारा महिन्यांत 240 दिवस काम केलेला मनुष्य एक वर्षाच्या अखंड सेवेचा धनी होतो, आणि मग त्यास नोटीस व भरपाई दिल्यावाचून घरी बसवता येत नाही. ही संख्या कामगारांपेक्षा ठेकेदारांना अधिक पाठ असते. श्रावणात लागलेल्या भाच्याचा गेटपास फाल्गुनात काढून घेण्यात आला, आणि 'थोडा ब्रेक घे, मग नवीन नावाने बोलावतो' असे त्यास प्रेमाने सांगण्यात आले. नवीन नाव म्हणजे ठेकेदाराचे, भाच्याचे नव्हे. आपल्याकडे सुनेस सातव्या महिन्यात माहेरी धाडण्याची रीत आहे, ती घरात मूल जन्मास यावे म्हणून. येथे रीत तीच, महिना तोच, हेतू तेवढा उलटा : नोकरीच्या पोटी कायमपणाचे अपत्य जन्मास येऊ नये!

चैत्रात भाच्याचा वाढदिवस आला. त्या दिवशी सकाळीच त्याच्या भ्रमणध्वनीवर कन्सल्टन्सीचा संदेश येऊन पडला. आडनाव चुकलेले होते, केकचे चित्र भिंतीवरचेच होते, आणि खाली 'आपण आमच्या कुटुंबाचे अविभाज्य घटक आहात' असे लिहिले होते. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मामा, याला उत्तर काय लिहू?"

आम्ही म्हणालो, "लिही, माहेरी सुखरूप आहे. न्यायला कधी येता?"