पाचवा बाक

आमच्या शाळेत भूगोलाचे सर पंख्याला शिकवायचे. वर्गात यायचे, फळ्यावर तारीख लिहायचे आणि मान वर करून छताशी बोलायला लागायचे. खाली आम्ही 62 जण होतो, पण त्याचा त्यांना काही उपद्रव नव्हता. कर्कवृत्त, पर्जन्यछायेचा प्रदेश, सगळं त्या तीन पात्यांनी वर्षभर निमूट ऐकून घेतलं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा धडा चालू असतानाही पंखा फिरायचा नाही, ही गोष्ट वेगळी. सर विषयात पक्के होते. त्यांनी चुकीचं सांगितलेलं एकही वाक्य मला आठवत नाही. बरोबर सांगितलेलंही आठवत नाही.

त्यांच्यानंतरचा तास मराठीच्या बाईंचा. बाई आल्या की हजेरीचं मस्टर टेबलावर ठेवायच्या आणि काही न बोलता भिंतीकडच्या रांगेपासून खिडकीकडच्या रांगेपर्यंत सावकाश नजर फिरवायच्या. ताटात तांदूळ पसरून खडे निवडावेत तशी. ती नजर आपल्यापाशी क्षणभर थांबते आणि मगच पुढे जाते, असं प्रत्येकाला वाटायचं. डबा मधल्या सुट्टीआधीच संपवला, गृहपाठ शेजाऱ्याच्या वहीतून उतरवला, हे सगळं तेवढ्यात बाईंना कळलं याबद्दल माझ्या मनात शंका नसायची. ओरडणं नाही, छडी नाही. “हं,” म्हणायच्या आणि धडा सुरू.

एकदा कांजिण्यांमुळे माझे तीन आठवडे बुडाले. परत गेलो त्या दिवशी ती नजर माझ्यापाशी जरा जास्तच रेंगाळली. कुणी काही विचारलं नाही, पण आपण आलोय याची नोंद झाली असं वाटलं. रोज ‘हजर’ म्हणून घसा ताणूनही तसं कधी वाटलं नव्हतं.

या नजरेला तोंड देण्याचं आमचं एक शास्त्र होतं. प्रश्न आल्यावर जो खाली बघतो त्याच्यावर संक्रांत येते, म्हणून खाली बघायचं नाही. सरळ बघितलं तर “हं, तू सांग” होतं, म्हणून सरळही बघायचं नाही. बाईंच्या कानाच्या थोडं पलीकडे, उत्तर अगदी ओठांवर आहे असा चेहरा करून बघायचं. पुढे सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘यंदा सेक्रेटरी कोण?’ हा विषय निघाला की ही विद्या मला फार उपयोगी पडली. कॉपी मात्र कधी जमली नाही. कोबायाशी आणि कोशिमा या जपानी संशोधकांनी 1997 साली माणसाचे आणि इतर वानरांचे डोळे ताडून पाहिले, तेव्हा आपल्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग चांगलाच उघडा आणि उठून दिसणारा निघाला. इतर बहुतेकांचा गडद. त्यामुळे माणूस कुठे बघतोय हे समोरच्याला लांबूनही कळतं. चिंपांझींच्या शाळेत शेजारच्या वहीत डोकावणं किती सोपं जात असेल!

घरचं वळण तर आणखी पेचात टाकणारं. आजोबा रागावले की म्हणायचे, “माझ्याकडे बघ!” बघितलं की, “वर डोळे वर करून बघतोस?” या दोन्ही आज्ञा एकदम पाळता येतील अशी जागा मला अजून सापडलेली नाही. आपल्या वाक्प्रचारांतही डोळे वटारायचे, खुपायचे, नाहीतर त्यांत धूळ फेकायची. मायेच्या नजरेसाठी संतांना थेट कासवीकडे जावं लागलं. कासवी पिल्लांना नुसत्या नजरेनं वाढवते, हा दाखला कीर्तनात बरेचदा कानावर पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर मी खरी कासवं बघायला गेलो, तर तिथे वेगळंच कळलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, वाळूत शंभरेक अंडी घालते, वरून वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपणच पाण्याकडे धावतात. म्हणजे खरी कासवी भूगोलाच्या सरांच्या पंथाची. तरीही दाखला मला संतांचाच पटतो.

पुढे मीच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो आणि सरांवरचा राग बराच निवळला. पहिल्याच दिवशी 80 मुलांचे डोळे एकदम अंगावर आले. पंख्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं. घरी येऊन हिशेब केला. 45 मिनिटांचा तास म्हणजे 2700 सेकंद. एकेकाच्या वाट्याला 34 सेकंदसुद्धा नाहीत. त्यातून हजेरी, फळा आणि दारातलं ‘मे आय कम इन’ वजा करा. शिवाय नजरेची वाटणी कधीच सारखी होत नाही. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. महिनाभर मी फक्त तिलाच शिकवलं. मग कळलं, ओढणीखाली इअरफोन होता.

2020 साली तर कहरच झाला. मोबाइलच्या पडद्यावर मुलांकडे बघावं तर त्यांना माझ्या पापण्या दिसणार. वरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघावं तर त्यांना वाटणार सर आपल्याकडेच बघतायत, पण मला दिसणार तो ठिपकाच. मुलांचे कॅमेरे बंदच असायचे. काळे चौकोन आणि त्यांत नावं. तेवढा सगळा काळ मी त्या ठिपक्याला शिकवलं. सरांचा पंखा निदान मोठा तरी होता.

गेल्या दिवाळीत बाईंना भेटायला गेलो. बाई आता पंच्याहत्तरीच्या आहेत, डोळ्यांवर जाड चष्मा. मी त्यांच्या नजरेचं कौतुक करायला लागलो, कांजिण्यांनंतरचा तो दिवसही सांगितला. बाई आधी ऐकत राहिल्या, मग खुदखुदून हसल्या.

“अरे, मला तेव्हा लांबचं कुठे दिसत होतं? लग्न ठरताना चष्मा लपवला होता आमच्याकडच्यांनी. सासर शाळेच्या समोरच. लावणार कशी? पर्समध्येच असायचा. तिसऱ्या बाकामागे सगळं धुकं.”

“मग बाई, शेवटच्या बाकापर्यंत बघायचात कशाला?”

“मला तुम्ही दिसत नव्हतात रे, पण तुम्हाला मी दिसत होते ना!” असं म्हणून त्यांनी चकल्यांची बशी माझ्यापुढे सरकवली.

मी पाचव्या बाकावर बसायचो.