आधी पाइप, मग कोबा

परसात वर्कशॉप काढायचं ठरलं, की जाणता माणूस आधी हत्यारं विकत घेतो. ती घ्यावीतच. कोबा होईपर्यंत ती बेडरूममध्ये पलंगाखाली राहतात आणि काम लवकर उरकण्यासाठी घरातून जो रेटा लागतो, तो त्यांच्यामुळेच मिळतो.

मग जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि वरचा कोबा आपल्या मर्जीने वर-खाली करते. ती काढावी आणि मुरूम भरावा. तोही सहा-सहा इंचांच्या थरांत, दर थराला पाणी मारून, धुम्मस करून. ‘एकदम भरू, पावसाळ्यात आपोआप बसेल,’ असं ठेकेदार सांगेल. खरं आहे, बसेलच. फक्त तुमचं लेथ मशीन घेऊन बसेल. जांभ्यावर राहणाऱ्या कोकणवासीयांनी हा परिच्छेद देशावरच्यांची कीव करत सोडून द्यावा.

सोलिंग झालं, की फक्की टाकून मशिनं आखावीत: इथे ड्रिल, इथे करवत, मधोमध बेंच. आखणी पूर्ण होताच घरातून प्रश्न येईल, ‘आणि वॉशिंग मशीन?’ वाद घालू नये. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन तिथेही टाकावी, कारण ते तिथे येणारच आहे, आणि आलं की फोडावा लागेल तो तुमचाच कोबा.

विजेचा पाइप 20 मिमीचा पुरतो असं वायरमन म्हणाला, तर 25चा टाकावा. काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्यावा. नाहीतर वायर अर्ध्यात अडते. एक पाइप नुसताच रिकामा ठेवावा, आत नायलॉनची दोरी आणि दोन्ही तोंडांना बूच. बूच विसरलात, तर सिमेंटचं पाणी आत शिरून पाइपाचा दगड होतो. कॉम्प्रेसरची लाइन मात्र जमिनीत गाडू नये. हवेबरोबर पाणी येतं, ते खोलगट जागी साचतं. तेव्हा ती भिंतीवरून, उतार देऊन न्यावी. अर्थिंगची वायर बाहेरच्या खड्ड्यापर्यंत स्वतंत्र जावी आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. ‘न्यूट्रलला जोडतो, सेमच असतं,’ असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

आता काँक्रीट. चार इंच जाडीचं, एम-20, म्हणजे एकास दीड, तीन. पन्नास किलोच्या पोत्याला पाणी फार तर 30 लिटर. ओल्या वाळूतलंही त्यातच धरायचं. गवंड्याला माल पातळ आवडतो, कारण तो आपण होऊन पसरतो. म्हणून यजमानांनी त्या दिवशी रजा काढावी आणि पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसावं. वर कोरडं सिमेंट भुरभुरून ‘गुळगुळीत करून देतो’ म्हणतील, तिथेही हात धरावा. तो पापुद्रा पुढे सुटतो. दर तीन मीटरवर सांधा ठेवावा. भेग पडायचीच असते, निदान आपण सांगू तिथे पडेल.

त्यानंतर आळी करून दहा दिवस पाणी साठवायचं. जड मशिनं 28 दिवसांनंतर.

आणि हो, काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक पाइपाशेजारी टेप धरून, भिंतीपासूनचं अंतर वाचता येईल असा फोटो काढा. वायरमनचा हिशेब त्यानंतरच चुकता करा.