एक महापुरुष, स्पायरल बाइंडिंगसह

फुलंब्रीत पाल फाट्याच्या आसपास एक दुकान आहे. पाटीवर आधी झेरॉक्स, मग सातबारा, पीकविमा, आधार दुरुस्ती, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि सगळ्यात खाली, जागा उरली होती म्हणून लिहिल्यासारखं: 'प्रोजेक्ट व शोधनिबंध तयार करून मिळतील.' दुकान चालवणाऱ्याला अख्खा तालुका 'सर' म्हणतो. असे सर हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतात. सिल्लोडला आहेत, कन्नडला आहेत, वैजापूरला तर म्हणे समोरासमोर दोन आहेत आणि एकमेकांकडे बघत नाहीत. मी सांगतोय तो फुलंब्रीचा नग.

सर एम.ए. आहेत, इतिहासात. सेटही झालेत. काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलंही. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात सर, पगाराच्या दिवशी कोणी नाही. कायम जागा निघेल, निघेल म्हणत केस पिकले, आणि निघाली तेव्हा तिचा भाव ऐकून सरांनी त्याच्या पाव किमतीत झेरॉक्सचं मशीन आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला. आज त्यांना शिकवायचे पैसे मिळत नाहीत, पण न शिकलेल्यांकडून बरे मिळतात.

सरांचा हंगाम परीक्षेच्या आधीचा. बारावीचे प्रकल्प, बी.ए.चे प्रकल्प, आणि नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून एम.ए.चे सक्तीचे संशोधन प्रकल्प. कपाशी घरात येऊन पडलेली असते, आल्याची काढणी उरकलेली असते आणि पोरं थोर नेते शोधत फिरतात. मोटरसायकल स्टँडवर लागायच्या आत आवाज येतो, "सर, एक महापुरुष काढून द्या ना. ऐंशी पानी. उद्या लास्ट डेट आहे."

"कोणता?"

"कोणताही चालंल, फक्त पुढच्या बेंचवरच्यानं घेतलेला नको."

सरांच्या कॉम्प्युटरमध्ये महापुरुष शतकाप्रमाणे लावलेले नाहीत, पक्षाप्रमाणे किंवा जातीप्रमाणेही नाहीत. ते शेवटच्या अक्षराप्रमाणे लावलेत. आंबेडकर, आगरकर, होळकर एका फोल्डरात. फुले, कर्वे, शिंदे दुसऱ्या. कारण शुद्ध व्यावसायिक आहे. एक फाइल उघडून फाइंड-रिप्लेसने नाव बदललं की विभक्तीचा प्रत्यय बिघडता कामा नये. आगरकरांच्या जागी होळकर बसतात, 'करांनी'चं 'करांनी'च राहतं. आगरकरांच्या जागी फुले बसवले तर पुढची ऐंशी पानं 'फुलेांनी' होऊन बसतात. सर म्हणतात, मराठी व्याकरणाचा असा उपयोग विद्यापीठातही कुणी करत नसेल. स्वामी रामानंद तीर्थ तेवढे एकटे पडलेत, कारण 'तीर्थ' शेवटी असलेला दुसरा नेता महाराष्ट्रात सापडत नाही. पूर्वाश्रमीचं आडनाव खेडगीकर असल्यामुळे त्यांना 'कर' फोल्डरात घ्यावं काय, असा विचार सरांनी एकदा फार गंभीरपणे केला होता. स्वामीजींची फाइल सप्टेंबरात निघते. 17 तारखेला मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं होतात आणि 18 ला स्वामीजी परत फोल्डरात जातात.

फाइल कोणाचीही असो, आतला महापुरुष एकच. तो गरीब पण संस्कारी कुटुंबात जन्मतो. त्याला आईकडून बाळकडू मिळतं. तो लहानपणापासून चुणचुणीत असतो, प्रतिकूल परिस्थितीवर मात करतो, त्याला दूरदृष्टी असते, आणि तो जातो तेव्हा संपूर्ण देश शोकसागरात बुडतो. या साच्यात सगळे बसतात. बसत नाही तो भाग सर कापतात. भांडणं, हट्ट, चुका, कर्ज, बदललेली मतं, म्हणजे माणूस ज्यामुळे लक्षात राहावा असं जे काही असेल, ते 'व्याप्तीबाहेर' म्हणून जातं.

'गृहीतके' हे प्रकरण सरांचं खास आवडतं. संशोधनात आधी गृहीतक मांडायचं, मग ते तपासायचं. पहिलं गृहीतक: अमुक अमुक हे थोर नेते होते. दुसरं: त्यांचे कार्य आजही प्रेरणादायी आहे. पुढे साठ-सत्तर पानं तपासणी चालते आणि निष्कर्ष येतो: वरील दोन्ही गृहीतके सत्य ठरली. एखादं गृहीतक असत्य ठरल्याची नोंद या दुकानाच्या इतिहासात नाही. 'संशोधनाच्या मर्यादा' या मथळ्याखाली वेळ आणि पैसा एवढं दोनच लिहिलेलं असतं. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात खरं बोलणारं पान ते तेवढंच.

बाकी स्वतंत्र लेखन म्हणाल तर ऋणनिर्देश. तो मात्र सर दर वेळी नव्याने लिहितात. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, त्यांचे चिरंजीव, प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, मार्गदर्शकांच्या सौभाग्यवती ('वेळोवेळी चहा देऊन प्रोत्साहन'), ग्रंथपाल, आईवडील, मित्र. क्रम चुकला तर मार्क जातात, म्हणून सर कॉलेजातल्या घडामोडींवर बारीक नजर ठेवून असतात. सचिव बदलणार ही बातमी गावाच्या आधी ऋणनिर्देशात येते. शेवटी एक ओळ ठरलेली: अचूक व सुबक टंकलेखन करून दिल्याबद्दल आमच्या सरांचे आभार. ती सर स्वतःच टाइप करतात आणि टाइप करताना जरा लाजतातसुद्धा.

चॅटजीपीटी आलं तेव्हा धंदा बसेल असं वाटलं होतं. पोरं मोबाइलवर निबंध काढून आणायला लागली. सरांनी एक वाचून पाहिला. त्यातल्या संदर्भसूचीत कधीच न निघालेली पुस्तकं होती, पृष्ठ क्रमांकासकट. सर म्हणाले, "आपण नाव बदलतो, पण पुस्तक तरी खरं टाकतो." शिवाय त्या यंत्राला आमच्या संस्थेच्या सचिवांचे चिरंजीव माहीत नव्हते. धंदा वाचला.

सरांच्या हातून एकदाच मोठी गफलत झाली आणि ती मलिक अंबराच्या बाबतीत. एका पोराला अंबर मिळाला होता. फोल्डरात अंबर नव्हता. खडकी ज्याने वसवली, ज्या खडकीचं पुढं औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं, तोच माणूस इथून जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर असून फोल्डरात नव्हता. सरांनी विचार केला, पाण्याचं काम केलेला दुसरा कोण? राजर्षी शाहू महाराज. राधानगरीचं धरण. शिवाय व्याकरण चोख जमत होतं: 'महाराजांनी' काढून 'अंबरांनी' घातलं की झालं. आधी 'शाहू महाराज' बदललं, मग राहिलेले सुटे 'शाहू' बदलले, एंटर मारला आणि चहाला गेले.

त्या प्रकल्पानुसार मलिक अंबर यांनी 26 जुलै 1902 रोजी मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखीव ठेवल्या. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाने त्यांना एलएल.डी. दिली. त्यांना कुस्तीचा नाद होता, त्यांनी खासबाग मैदान बांधलं आणि कोल्हापुरात 'मलिक अंबरपुरी' ही व्यापारपेठ वसवली. मार्गदर्शकांनी सही केली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी जाडी पाहिली, बाइंडिंग पाहिलं, 'छान मेहनत' म्हणाले. पोरगं पहिल्या श्रेणीत पास झालं. चूक सापडली ती घरी. त्याच्या आजोबांना छापील कागद दिसला की वाचायची सवय, मग ती खताची पिशवी का असेना. त्यांनी ओट्यावर बसून अख्खा प्रकल्प वाचला आणि नातवाला विचारलं, "काहून रे, हा अंबर जर सदानकदा कोल्हापूरलाच ऱ्हायचा, तं इकडं मोगलाशी भांडायला कोण होतं?"

एवढा नेमका प्रश्न तोंडी परीक्षेत कुणीही विचारला नव्हता. सरांना तो कळला तेव्हा ते दोन दिवस जरा गप्प होते. मग त्यांनी अंबराची स्वतंत्र फाइल केली: 'गरीब पण संस्कारी कुटुंबात जन्म', वगैरे.

पुढच्या हंगामात गणोरीकडची एक मुलगी आली. तिलाही मलिक अंबरच मिळालेला. तिने पिशवीतून वही काढली, दोनशे पानी, फुल्या मारलेली, मधे कुठे कुठे आल्याच्या बेण्याचा हिशेब असलेली.

"हे फक्त टाइप करून पाहिजे सर."

सरांनी पानं चाळली. "कुठून उतरवलं, ताई?"

"कुठून नाही. मीच लिहेल आहे."

सरांनी गिऱ्हाईक थांबवलं. सातबारावाला एक जण कुरकुरला. सर वाचत राहिले. मी तिथं पीकविम्याच्या कामासाठी बसलो होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत होता. सुरुवातीलाच लिहिलं होतं की अंबराचा जन्म 1548 च्या सुमारास हबशांच्या मुलखात, आजच्या इथिओपियात झाला, लहानपणीच तो विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला आणि अखेर दख्खनेत निजामशाहीच्या पेशव्याकडे, चंगीझखानाकडे आला. सरांची लाल पेन्सिल 'गरीब पण संस्कारी' लिहायला पुढे झाली आणि तशीच राहिली. विकलेल्या पोराच्या घरचे संस्कार कुठून लिहिणार?

मुलीचं म्हणणं असं होतं की अंबर समजायचा तर तलवारीवरून नाही, पाण्यावरून समजावा. 1610 मध्ये खडकी वसवली तेव्हा त्याने उत्तरेकडच्या डोंगराचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणलं; तीच नहर-ए-अंबरी. आणि 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र अंगावर आल्या तेव्हा त्याने तलावाचं पाणी सोडून त्यांच्या तळाभोवती चिखल केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. एकाच माणसाने एक शहर पाण्याने वसवलं आणि एक लढाई पाण्याने जिंकली, असं तिने लिहिलं होतं. खाली एक ओळ पेनाने खोडून पुन्हा लिहिलेली: 'अंबराचं पाणी उताराने यायचं, आपलं जायकवाडीहून चढावर, पंपाने येतं, येतं तेव्हा.' हर्सूलमार्गे रोज एसटीने ये-जा करणाऱ्या पोरीलाच हे सुचावं. सरांनी ते 'येतं तेव्हा' दोनदा वाचलं.

पुढच्या पानावर जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसनने काढलेल्या चित्राचं वर्णन होतं. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबराच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात जहांगीरच्या हाती अंबर जिवंत किंवा मेलेला कधी लागलाच नाही. 1626 मध्ये तो म्हातारपणाने वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. ते चित्र आता आयर्लंडमध्ये डब्लिनला आहे.

"म्हंजे फोटोशॉप!" सर एकदम ओरडले. सातबारावाला दचकला. "चारशे वर्षांपूर्वीचं फोटोशॉप! जमलं नाही ते चित्रात करून घेतलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपण एम.ए.ला काय वाचलं मग?"

सरांनी रात्री उशिरापर्यंत बसून वही टाइप केली. एक शब्द बदलला नाही. फक्त 'येतं तेव्हा'च्या आधीचा स्वल्पविराम तपासून पाहिला. एकतीस पानं झाली. मुलगी ती घेऊन गेली आणि दोन दिवसांत परत आली, रडवेली.

कारण असं की कॉलेजात साहित्यचोरी तपासतात. 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, हा यूजीसीचा 2018 पासूनचा नियम. तिचं शून्य आलं. शून्य आल्यामुळे मार्गदर्शकांना संशय आला. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत शून्य आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे नक्की कुठून घेतलंस की मशीनलाही सापडत नाही? शिवाय गृहीतके नव्हती, उद्दिष्टे नव्हती, ऋणनिर्देश नव्हता आणि पानं एकतीस.

सर ऐकून घेत राहिले. मग खुर्ची कॉम्प्युटरकडे फिरवली. एकतीस पानं होती तशी मधे ठेवली. पुढे प्रस्तावना जोडली, 'प्राचीन काळापासून भारतभूमी ही नररत्नांची खाण'पासून सुरू होणारी. गृहीतके टाकली. ऋणनिर्देशात संस्थेचे अध्यक्ष, नवे सचिव आणि जुने सचिव दोघेही, आणि सौभाग्यवतींचा चहा. मागे परिशिष्टात निजामशाहीची वंशावळ, नकाशा, कबरीचे दोन फोटो. अक्षर मोठं केलं, ओळींतलं अंतर दीडचं दोन केलं. ऐंशी पानं भरली. दुसऱ्या दिवशी साम्य आलं नऊ टक्के. मार्गदर्शकांनी सुटकेचा श्वास सोडून सही केली.

बाइंडिंग न्यायला मुलगी आली तेव्हा सरांनी हिशेब केला. एकतीस पानांचं टायपिंग, प्रिंट, स्पायरल, वर प्लॅस्टिकचं कव्हर. मुलीने नोटा मोजल्या आणि विचारलं, "आणि प्रस्तावनेचे किती?"

"प्रस्तावनेचे नाही घेत, ताई," सर म्हणाले. "ती सगळ्यांचीच आहे."