टोपीबाजारातला बहिष्कार

‘टीम फोर्ट्रेस २’ हा २००७ चा गोळीबाराचा खेळ. २००९ साली त्यात टोप्या आल्या आणि बंदुका मागे पडल्या. टोपीने नेम काही सुधारत नाही. तरी बाजार असा फुलला की व्हॉल्व्ह कंपनीने २०१२ मध्ये यानिस वारुफाकिस नावाचे अर्थतज्ज्ञ पदरी ठेवले. पुढे २०१५ मध्ये ते ग्रीसचे अर्थमंत्री झाले. (टोप्यांचा अनुभव अर्थखात्यात वाया जात नाही.)

इथले चलन भंगाराचे. दोन बंदुका वितळवल्या की एक स्क्रॅप, तीन स्क्रॅपचे एक रिक्लेम्ड, तीन रिक्लेम्डचे एक रिफाइन्ड. म्हणजे अठरा बंदुका मोडून एक नाणे! गल्ल्यावर बसतो बॉट, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम. रात्री तीनलाही जागा. घासाघीस नाही, ‘खास तुमच्यासाठी म्हणून’ नाही. मात्र गिऱ्हाईक आले की आधी त्याची कुंडली काढतो. काळ्या यादीत नाव दिसले की सौदा रद्द. ‘अहो, माझी बाजू तरी ऐका’ असे विनवून पाहा. यंत्राला दर कळतो, दया नाही.

यादीत भामटे असतात, हे खरेच. पण बॉटच्या मालकाशी एकदा हुज्जत घातलेलाही त्याच पंगतीतून उठवला जाऊ शकतो. गावाने वाळीत टाकले तर निदान पंचांची तोंडे तरी दिसायची.

खेळायला मात्र बंदी नाही हं. समोरच्याला खुशाल गोळ्या घाला. टोपी तेवढी विकत मिळणार नाही.