शुऐबातली सोयरीक

शुऐबाला फुलं पाहायला कुणी येत नाही. इथे माणूस येतो तो कंटेनर सोडवायला, पाइपांना वेल्डिंग करायला, नाहीतर माझ्यासारखा गोदामात बसून नट-बोल्टांचा हिशेब ठेवायला. कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राला खेटून, साठच्या दशकात वाळूवर आखलेली ही औद्योगिक वसाहत. बंदर आहे, वीजकेंद्र आहे, पेट्रोकेमिकलचे कारखाने आहेत, आणि 1968 साली सुरू होऊन 2017 साली बंद झालेली एक रिफायनरी आहे. पाऊस म्हणाल तर अख्ख्या वर्षात शंभर-सव्वाशे मिलिमीटर. आंबोलीला तेवढा दुपारच्या झोपेत पडून जातो.

अशा ठिकाणी शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्राचा पदवीधर काय करतो? हा प्रश्न मुलगी देण्यापूर्वी सासऱ्यांनी विचारला होता. मी पगाराचा आकडा सांगून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं, की तो जेवणाच्या सुट्टीत खिशात भिंग घेऊन कुंपणाच्या कडेनं फिरतो.

आमच्याकडे लग्नाच्या मांडवात एक आत्या असतेच. समोरून येणाऱ्या पोराचं नाव तिला ठाऊक नसतं. ती नाक बघते, कानाची पाळी बघते, तो चालताना डावा खांदा पाडतो का ते बघते आणि भर पंगतीत विचारते, "खालच्या आळीतल्यांपैकी का रे तू?" पोरगा हो म्हणतो. नावगाव, शिक्षण, पगार या गोष्टी मग जिलेबी वाढेपर्यंत निघतातच. झाडाचं कुल ओळखायचं ते नेमकं असंच. फुलणाऱ्या वनस्पती जगात तीन लाखांच्या आसपास. त्यांची नावं पाठ करायला बसलो तर निवृत्तीचं वय कुवेत सरकारला वाढवावं लागेल. घराणी मात्र चारशेच्या घरात, आणि रोज रस्त्यात भेटणारी वीस-पंचवीस. तेवढ्यांची नाकं ओळखीची झाली की परमुलुखातही माणूस पोरका राहत नाही.

ही घराणी नीट मांडून दाखवली आंत्वान लोराँ द जुसिए या फ्रेंच माणसानं, 1789 साली. पॅरिसात भलीभली घराणी रस्त्यावर येत होती तेव्हा हा गृहस्थ शांतपणे गवतांची आणि चाफ्यांची वंशावळ लावत बसला होता. अशी माणसं मला फार आवडतात.

शुऐबातली माझी पहिली सोयरीक जुळली ती कुंपणाच्या तारेखाली. खारट वाळूत गुडघाभर झुडूप. पानं कसली, हिरव्या फुगलेल्या गोळ्याच; देठावर दोन-दोनच्या जोडीनं बसलेल्या. इथले लोक त्याला 'हर्म' म्हणतात. असला प्राणी मी जन्मात पाहिला नव्हता. भिंग लावलं. पानं समोरासमोर, सांध्याशी इवलीशी उपपर्णं, फुलाला पाच पाकळ्या, पुंकेसर दहा. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला: अरे, हा तर सराट्याचा भाऊबंद! लहानपणी अनवाणी पायात ज्याचा काटा मोडायचा तो माळावरचा सराटा, म्हणजेच गोखरू, ह्याच घराण्यातला. समुद्र ओलांडून आलो तरी भाऊबंदकी पायाखाली आलीच.

त्याच वेळी मागून शिट्टी वाजली. गेटवरचा नेपाळी पहारेकरी धावत येत होता. औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाशी उकिडवं बसून भिंगातून काहीतरी न्याहाळणारा माणूस, हे चित्र कुठल्याही देशात चांगलं दिसत नाही. "साब, क्या गिर गया?" मी म्हटलं, "कुछ नहीं, रिश्तेदार मिल गया." त्यानं माझ्याकडे पाहिलं, झुडपाकडे पाहिलं आणि माझ्या ओळखपत्राचा नंबर लिहून घेतला.

आमच्या आवाराच्या भिंतीलगत कोनोकार्पसची हिरवी तटबंदी आहे. अख्ख्या कुवेतभर हे झाड लावलेलं दिसतं. मूळचं सोमालियाकडचं. उन्हाला भीत नाही, छाटलं तर दुप्पट वाढतं आणि मुळं पाण्याच्या पाइपात घालतं, म्हणून प्लंबर सोडून सगळे त्याच्या नावानं बोटं मोडतात. फुलं म्हणजे मण्याएवढे गोल गेंद, त्यात पाकळीचा पत्ता नाही. पण पानाच्या बुडाशी देठावर बोट फिरवा. दोन बारीक ग्रंथी लागतात. ही हिरड्याच्या घराण्याची खूण. हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन आणि अंगणातली मधुमालती, सगळी एका पंगतीची. पोट साफ ठेवण्यासाठी आजी ज्याचं चूर्ण चाटवायची त्याचाच एक चुलतभाऊ इथे लोकांची गटारं तुंबवतो. एकाच घरात अशी दोन टोकं निघतात.

मात्र एका खुणेवर सोयरीक ठरवू नये. चीक निघाला की लोक लगेच 'चाफ्यातलं' म्हणून मोकळे होतात. चीक वडाला असतो, पपईला असतो, शेराला असतो, आणि ही तिन्ही वेगवेगळी घराणी. चाफ्याचं घराणं म्हणायचं तर चिकाबरोबर कळीही बघायला हवी. पाकळ्या एकाच दिशेनं पिळलेल्या, फुलल्यावर भिंगरी. तुळशीचं खोड चौकोनी असतं हे खरं, पण पारिजातकाची डहाळीही चौकोनी असते आणि ती जाई-जुईच्या घरची. तुळशीकडच्यांना ओळखायचं तर चौकोनी खोड, समोरासमोर पानं, ओठ काढलेलं फूल, खाली चार दाण्यांचं फळ, शिवाय चुरगळल्यावर वास, असं सगळं जमून यावं लागतं. आत्यासुद्धा नुसत्या नाकावर जात नाही.

त्यात शास्त्रज्ञांनी घोळ वाढवला. आम्ही शिकलो ते बेंथम आणि हूकर यांच्या पद्धतीनं; त्यांची कुलं 202. आता जनुकं तपासून 2016 साली जी यादी झाली तिच्यात 416. ज्या लिलीच्या कुलावर आम्ही परीक्षेत पानंच्या पानं भरली, त्याची वाटणी झाली. कांदा एका घरी, शतावरी दुसऱ्या, कोरफड तिसऱ्या. उलट रुईचं घराणं चाफ्यात विलीन झालं, आणि पालक-चाकवत माठाच्या घरी राहायला गेले. परीक्षा आधीच होऊन गेल्या हे एक बरं.

हिवाळ्यात चार सरी पडल्या की वाळवंटाला घाईघाईनं तारुण्य येतं. चौकाचौकांत पेटुनियाचे ताटवे लागतात. बघणारे 'वाह' म्हणतात. मला भूक लागते. पाच पाकळ्या जुळून झालेला कर्णा, पाच पुंकेसर, आणि फळ धरलं तरी न गळणारी हिरवी टोपी. सरळसरळ वांग्याची भावकी! मिरची, टोमॅटो, बटाटा, तंबाखू, धोतरा सगळे ह्यातलेच. सरकारी खर्चानं एवढे वांग्या-मिरचीचे नातलग फुलवायचे आणि भरीत करायला एकही नाही, याला काय म्हणावं.

शहराबाहेर वाळूत खुजामा फुलतो, जांभळट रंगाचा, सुवासिक. चार पाकळ्या आडव्या-उभ्या, पुंकेसर सहा: चार लांब, दोन आखूड. म्हणजे मोहरीचा, मुळ्याचा गणगोत. इथे जेवणात कच्चा चावतात तो जर्जीरही त्यातलाच. या खुजाम्याचं शास्त्रीय नाव 'हॉरवुडिया डिक्सोनिए', आणि त्यातल्या डिक्सन म्हणजे व्हायोलेट डिक्सन. नवरा ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट. त्याच्याबरोबर ह्या बाई 1929 साली कुवेतला आल्या आणि तो गेल्यावरही 1990 च्या आक्रमणापर्यंत इथेच राहिल्या. लोक त्यांना उम्म सौद म्हणायचे. झाडपाला गोळा करून लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवायच्या, आणि 1955 साली त्यांनी कुवेत-बहारीनच्या रानफुलांवर पुस्तकही लिहिलं. तंबूतल्या बेदुइनांना विचारून विचारून नावं जमवली. त्यांना पाहून कुणी शिट्टी वाजवली असेल असं वाटत नाही.

मागच्या थंडीत आई आली होती. तिला वाळवंटात अर्फज दाखवला, कुवेतचं राष्ट्रीय फूल. पिवळी बटणं, झेंडू-शेवंतीच्या घराण्यातली. मी उत्साहानं समजावलं, "आई, हे एक फूल नाही. हा फुलांचा गुच्छ आहे. झेंडूची आपण पाकळी म्हणून उपटतो ना, ते एकेक स्वतंत्र फूल असतं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एका झेंडूत किती निघतील?"

"भरगच्च असला तर शंभर सहज."

"अरे, मग लाखोलीला हजार झेंडू पुरले असते की! एवढ्या वर्षांत गुरुजी एका शब्दानं बोलले नाहीत."

त्याच संध्याकाळी आम्ही तिला एका इराणी हॉटेलात नेलं. तिच्यासाठी भात आणि भाजलेले टोमॅटो, आमच्यासाठी कबाब. सोबत हिरव्या पाल्याचं ताट आलं. आईनं एक डहाळी उचलली, बोटात फिरवून खोडाचे चार कोपरे चाचपले, पान चुरगळून नाकाशी नेलं. ना भिंग, ना बेंथम, ना हूकर. "तुळशीतलीच की रे ही कुणीतरी."

ती रैहान होती, तुळशीची सख्खी बहीण, एकाच प्रजातीतली. वेटरनं तेवढ्यात कौतुकानं तिचीच दोन पानं कबाबाच्या ताटावर ठेवली. आईनं त्या ताटाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "नैवेद्य दाखवून झाला वाटतं," ती म्हणाली. "आता खा तुम्ही, माझ्याकडे बघू नका."

पहारेकऱ्याचा संशय दरम्यान मावळला. आता तोच रात्रपाळीत इकडच्या-तिकडच्या डहाळ्या तोडून ठेवतो आणि सकाळी माझ्यापुढे धरतो. "साब, ये कौन खानदान?" मी सांगतो, तो मान डोलावतो आणि मागे उभ्या असलेल्या बंगाली माळ्याला अधिकारवाणीनं ऐकवतो.

परवा त्यानं पिशवीतून एक कुंडीच काढली. मुदीरच्या, म्हणजे आमच्या मॅनेजरच्या, टेबलावरची. पानं समोरासमोर होती. एका फुलाला पाकळ्या पाच, शेजारच्याला सहा. पुंकेसर नाहीत, किंजपुट नाही, मधोमध पिवळा ठिपका. खोड गोल, मोडून पाहिलं तर आत तार. मी भिंग खिशात ठेवलं. शुऐबात 1997 पासून पॉलिएथिलीनचे पांढरे दाणे बनतात, जहाजं भरभरून बाहेर जातात आणि काही असे परत येतात.

"ये यहीं का है," मी म्हटलं. "बाकी सगळे बाहेरून आलेत, मी धरून. हेच एक इथलं, कारखान्यातलं."

त्यानं कुंडी परत पिशवीत ठेवली, दोन पावलं गेला आणि वळून विचारलं, "साब, तो पानी देना बंद करूँ?"