टेबलावरचे वकीलसाहेब

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या बहुतेक कंपूंत एक वकीलसाहेब असतात. पोटासाठी ते बँकेत किंवा आयटीत. खऱ्या कोर्टाची पायरी कधी चढलेले नसतात. शनिवारी रात्री मात्र खेळात आपलं पात्र असलेला बार्ड एखाद्या राजाच्या शिपायांच्या तावडीत सापडावा, अशी त्यांची मनोमन इच्छा असते. चोरीही ते त्यासाठीच करतात. बाकीच्यांना ड्रॅगन मारायचा असतो, यांना त्याच्यावर फिर्याद ठोकायची असते.

खटला उभा राहिला की हाल डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे. न्यायाधीश तोच, सरकारी वकील तोच, सराईवाली तोच. आणि साहेबांनी तिची कोंबडी साक्षीला बोलावली, की कोंबडीही तोच. (प्राण्यांशी बोलायचा मंत्र पहिल्याच पातळीवर मिळतो. साहेबांनी तो घेऊनच ठेवलेला असतो.)

वैतागून डीएम ‘झोन ऑफ ट्रुथ’ हा मंत्र टाकतो. पंधरा फुटांच्या त्रिज्येत, बचावाचा फासा चुकला तर, जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. साहेब उलट खुलतात. “खोटं बोलता येत नाही. टाळाटाळीला बंदी कुठाय?” आणि पुस्तकात खरंच तसं असतं, हेच तर दुखणं.

मग अर्धा तास भाषण. शेवटी डीएम म्हणतो, “ठीक. डीसी वीस, म्हणजे किमान वीस हवेत. पर्सुएशन रोल कर.” फासा पडतो: 2.

“मग एवढं बोललो ते काय फुकट?”

प्रश्न रास्त आहे. नुसत्या बोलण्यावर निकाल दिला तर अबोल खेळाडूने वाचाळ पात्र घ्यायचंच नाही. नुसत्या फाशावर दिला तर बोलायचं कशाला? माझ्या मते फासा आधी टाकावा आणि आकड्याला शोभेल असं भाषण मग करावं. 2 पडले तर तोतरं बोलण्यातही मजा असते. साहेबांना हे पटत नाही. आधी निकाल आणि मग युक्तिवाद? ‘बर्निंग व्हील’ या दुसऱ्या खेळात तर वादाचं रीतसर द्वंद्वयुद्ध आहे. पण तिथं जिंकणाऱ्यालाही बहुधा काहीतरी सोडावं लागतं, आणि मांडवली साहेबांच्या रक्तात नाही.

इतक्यात कोपऱ्यातली बार्बेरियन पुटपुटते, “तो मनाने चांगला आहे हो,” आणि फासा टाकते. 20! टेबलावर जल्लोष. आरोपी निर्दोष.

“हरकत!” साहेब उभे. “तिचा करिश्मा वजा एक, म्हणजे झाले 19. आणि स्किल चेकला वीस पडले की आपोआप यश, असं पुस्तकात कुठंही नाही!”

“अरे, तूच सुटलायस ना?”

“सुटलो ते ठीक. पण निकाल चुकीचा आहे. अपील कुठं करायचं?”